हसऱ्या चेहऱ्याचं ऊन

सकाळी आठच्या बातम्या बघणाऱ्या सगळ्यांनी तिला पाहिलेलं होतं, पण तिचा आवाज कुणीही ऐकलेला नव्हता. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला तळहाताएवढी एक खिडकी असायची आणि त्या खिडकीत काळा सदरा घातलेली एक बाई हात हलवत असायची. ज्यांना ऐकू येतं ती माणसं तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या लेखी मात्र मोठ्या पडद्यावरची निवेदिका नुसती शोभेला होती. बातमी म्हणजे ती खिडकीतली बाई.

बहिऱ्या माणसांत नावं हाताने ठेवतात. कुणाचं नाव भुवईवरचा व्रण, कुणाचं नाव पिळलेली मिशी. हिचं नाव होतं डाव्या गालावर टेकवलेलं बोट, कारण लहानपणापासून ती हसली की तिथे खळी पडायची. आपणही तिला खळीच म्हणू. तिचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे, आणि हिला मात्र टाचणी पडली तरी ऐकू यायचं. त्यामुळे दुधाचे दात पडायच्या वयातच ती घराची दुभाषी झाली. एकदा शाळेच्या बाईंनी वडिलांना बोलावून तिच्याबद्दलच्या तक्रारींचा पाढा वाचला, तेव्हा तो पाढा वडिलांपर्यंत पोहोचवायचं कामही हिच्याकडेच आलं. तिने तो इतका गोड करून पोहोचवला, की वडिलांनी बाईंचे दोन्ही हात धरून त्यांचे आभार मानले. घरी प्रगतिपुस्तक आल्यावर व्हायचं ते झालं, पण तेव्हापासून वडिलांनी तिला एक गोष्ट बजावून ठेवली होती. बाकी जगाने आपल्याला फसवलं तर बिघडत नाही, पण आपला कान आपल्याशी खोटं बोलला तर आपण संपलो.

स्टुडिओत तिची खोली वेगळी होती. खोली कसली, कपाटच म्हणा. मागे निळं कापड, पुढे कॅमेरा, कानात निवेदिकेचा आवाज. आता खुणांच्या भाषेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. या भाषेत निम्मं बोलणं चेहरा करतो. हात म्हणतात ‘पाऊस’. तो रिमझिम की झोडपून काढणारा, हवासा की नकोसा, हे गाल, ओठ आणि भुवया सांगतात. चेहरा कोरा ठेवून खुणा करणं म्हणजे अर्धं वाक्य गिळणं. म्हणून खळी नेहमी निवेदिकेच्या आवाजाचा सूर पकडायची आणि तो सूर चेहऱ्यावर आणायची. निवेदिका गंभीर तर ही गंभीर, ती हळवी तर ही हळवी. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि बातमीपत्राच्या शेवटी हवामान यायचं. चाळीस सेकंद. बातमीपत्राचा निर्माता हातात कायम थांबघड्याळ घेऊन फिरायचा, म्हणून सगळे त्याला पाठीमागे सेकंदकाटा म्हणायचे. माणूस स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याचा एक नियम होता. जगात युद्ध होवो, आग लागो, सरकार पडो, बघणारा माणूस घरातून बाहेर पडताना हलक्या मनाने पडला पाहिजे. शेवट गोड तर सारं गोड. त्यामुळे हवामान आलं की निवेदिकाताई खांदे सैल सोडायच्या, कागद एकत्र करायच्या आणि तोंडभर हसायच्या. पडद्यावर कारंज्यात नाचणारी मुलं यायची. ऊन कितीही वाढो, मुलं तीच. गेली सात वर्षं तीच मुलं त्याच कारंज्यात नाचत होती. त्यातली एक मुलगी म्हणे आता नोकरीला लागली होती.

ताई हसल्या की खिडकीतली खळीही हसायची. बारा वर्षं ती अशी रोज सकाळी चाळीस सेकंद हसली. बहिऱ्या लोकांचा तो आवडता भाग होता. बाजारात भेटले की ते लांबून गालाला बोट लावायचे आणि ‘ऊन’ अशी खूण करून तिला चिडवायचे.

त्या मंगळवारी ताईंनी वाचलं, “आणि जाता जाता उन्हाळ्याच्या शौकिनांसाठी पर्वणी. कालच्या तापमानाने आजवरचा विक्रम मोडला असून पारा सरासरीपेक्षा सहा अंशांनी वर गेला आहे. तेव्हा टोपी घ्या, बाहेर पडा आणि उन्हाची मजा लुटा.” खळीने हात केले. ऊन. मोठं. विक्रमासाठी तिने खेळांच्या बातम्यांतली खूण वापरली, छातीने फीत तोडून हात उंचावणारा धावपटू. दुसरी खूणच नव्हती. मग सहा बोटं. बाहेर. मजा. आणि गालाला खळी.

वडील चहा पीत ते बघत होते. एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ. चाळीस वर्षं छपरं दुरुस्त करण्यात गेली. सपाट गच्च्यांच्या भेगांत डांबर भरायचं हा त्यांचा हातखंडा. कामातून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण स्वतःच्या इमारतीची गच्ची ते दुसऱ्या कुणाला शिवू द्यायचे नाहीत. चहाचा कप तसाच ठेवून साडेनऊला ते शिडीने वर गेले.

अकरा वाजता खालच्या मजल्यावरची मावशी इस्त्रीचे शर्ट द्यायला वर आली. ही आईची जिवाभावाची मैत्रीण, तीही बहिरी, आणि घरची म्हणावी अशी. दार उघडं, कप अर्धा, माणूस नाही. मावशी तशीच शिडी चढली. वडील पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. अंगावर घामाचा थेंब नव्हता, कातडी कोरडी आणि इस्त्रीइतकी गरम, डोळे मिटलेले. हात मात्र हलत होते. ते काहीतरी बडबडत होते, हातांनी, आणि मावशीला त्यातलं एकही वाक्य लागेना.

खळी हॉस्पिटलात पोहोचली तेव्हा त्यांना ओल्या चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. त्या खोलीत बारा खाटा होत्या आणि बाराही खाटांवर ओल्या चादरी. डॉक्टरीणबाई दोन रात्री झोपल्या नसाव्यात. त्यांनी एवढंच सांगितलं, की आणखी अर्धा तास गेला असता तर आपण आत्ता वेगळं बोलत असतो.

तिसऱ्या दिवशी वडील उशीला टेकून बसले. तीन दिवस अडवून धरलेला खळीचा राग तेव्हा बाहेर आला. या वयात, असल्या उन्हात, गच्चीवर काय ठेवलं होतं तुमचं?

वडिलांना तिचा राग कळेना. “तूच तर सांगितलंस.”

“मी काय सांगितलं?”

मग त्यांनी ते करून दाखवलं. ऊन. मोठं. फीत तोडणारा धावपटू. सहा बोटं. बाहेर. मजा. हात तिचेच, वेग तिचाच, आणि सुरकुतलेल्या गालांवर ओढून ताणून आणलेलं हसूही तिचंच. त्यांना नक्कल करायची नव्हती. बहिरा माणूस सांगितलेली गोष्ट परत सांगताना चेहऱ्यासकट सांगतो, इतकंच. समोरच्या खाटेवरच्या बाई ते बघून हसल्या. त्यांना वाटलं, काहीतरी आनंदाची बातमी आहे.

खळीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

वडील सांगत राहिले. जे सांगायचं ते त्यांना नीट सांगायचं होतं. “आमच्या धंद्यात घड्याळ बघायची पद्धत नाही. गच्चीवरच्या डांबरात बुटाची टाच रुतली की जेवणाची सुट्टी. उस्तादाने शिकवलेलं. मी शिकाऊ होतो तेव्हा भर उन्हाळ्यात टाच दोन वाजता रुतायची. तू शाळेत जायला लागलीस तेव्हा एक वाजता. तुझी आई गेली त्या वर्षी बारा. परवा मी साडेनऊला वर गेलो, शिडीवरून पाय उचलून पहिलं पाऊल टाकलं, आणि ते रुतलं.”

“मग खाली का नाही आलात?”

“पाय सांगत होते, उतर. पण तू हसत होतीस ना सकाळी. मी म्हटलं, म्हातारपणी पायांना काय कळतंय. माझी मुलगी सगळ्या जगाची बातमी सांगते.”

ती उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. वडील मरता मरता वाचले याचं रडू होतंच, पण त्याहून जास्त दुसऱ्या गोष्टीचं होतं. चाळीस वर्षं उन्हात मुरलेला माणूस, डांबरावर पाय टेकवून वेळ सांगणारा माणूस, त्याने आपल्या पायांपेक्षा तिच्या गालावर जास्त विश्वास ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बातमीपत्राआधीच ती सेकंदकाट्याकडे गेली. हवामानाला मी हसणार नाही, असं तिने सांगितलं. त्याने वडिलांची विचारपूस केली, मनापासून केली, आणि मग मान हलवली. पडद्यावर दोन चेहरे दोन गोष्टी सांगायला लागले तर लोक गोंधळतात आणि दुसरीकडे जातात. खिडकी ही ताईंची सावली आहे. सावलीने वेगळं चालायचं नसतं. शिवाय करार याच महिन्यात संपतोय, हेही त्याने आठवणीने सांगितलं. वरच्या लोकांना कुणीतरी संगणकावरची बाहुली दाखवून गेलं होतं. ती दिवसभर हात हलवते, सुट्टी मागत नाही आणि भांडत नाही.

तरी त्या सकाळी तिने चेहरा सरळ ठेवला. कानात लगेच आवाज आला, “गाल.” तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण त्याहून वाईट गोष्ट नंतर घडली. दिवसभर तिच्या फोनवर बहिऱ्या मंडळींचे निरोप येत राहिले. बरं नाही का? वडिलांची तब्येत बिघडली का? नवऱ्याशी भांडण? उन्हाबद्दल कुणाला काहीही कळलं नव्हतं. हसू काढून घेतल्यावर त्या जागी काय ठेवायचं हे तिलाच माहीत नव्हतं, तर बघणाऱ्यांना काय कळणार?

आणि वेळ थोडा होता. हवामान खात्याचा पुढच्या दहा दिवसांचा अंदाज शनिवारी सकाळी कचेरीत आला. दोन भरगच्च पानं. सोमवारपासून याहून मोठी लाट, रात्रीसुद्धा उतार नाही, वरच्या मजल्यांवर एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या जिवाला धोका, एरवी क्वचित येणाऱ्या अशा लाटा आता वरचेवर येणार, त्यामागे बदलतं हवामान. लेखनिकाने त्या दोन पानांतून सोमवारसाठी चार ओळी काढल्या. पहिली ओळ होती, ‘उन्हाळ्याचा दुसरा हप्ता हजर’. बाकीचं सगळं कुठे गेलं असं खळीने विचारलं, तेव्हा त्याने खांदे उडवले. चाळीस सेकंदात किती मावणार?

बहिऱ्या मंडळींचं मंडळ एका जुन्या छापखान्याच्या तळघरात भरायचं. जाड भिंती, त्यामुळे थंडावा. टेबलं सगळी गोल, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसायला हवेत. शनिवारी संध्याकाळी साठेक माणसं जमली होती. वडीलही आले होते, मावशीच्या खांद्यावर हात टाकून, डॉक्टरांची परवानगी अर्धवट समजून घेऊन. खळीने दिवा दोनदा उघडझाप केला, सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे वळले, आणि तिने हात उचलून कबूल केलं, की बारा वर्षं मी तुम्हाला उन्हाबद्दल खोटं सांगितलं. हातांनी नाही, चेहऱ्याने. आता खरं सांगायचं आहे आणि माझ्याकडे खूण नाही.

आधी थट्टाच झाली. एकाने फीत तोडणारा धावपटू केला आणि विचारलं, की आम्ही इतकी वर्षं तुला विचारणार होतो, शर्यतीत ऊन कुणाला हरवतंय? बागेतल्या माळीकाकांनी तिची ‘हवामानबदल’ ही खूण करून दाखवली. एक हात वाऱ्यासारखा हलवायचा आणि पंजा उलटा करायचा, झालं. परिषदा-बिरिषदांच्या बातम्यांत ती यायची. “ही तर बस बदलल्याची खूण आहे,” काका म्हणाले. “इकडची सोडली, तिकडची पकडली.” लोक हसले.

मग वडिलांनी टाचेची गोष्ट सांगितली. दोन वाजता. एक. बारा. साडेनऊ. हसणं हळूहळू थांबलं.

माळीकाकांनी हात उचलले. मग त्यांनी सांगितलं, की बागेत झाडांना नळी लावायचा दिवस ते अवजारांच्या खोपटाच्या दारावर खिळ्याने कोरून ठेवतात. दरवर्षी नवी तारीख आधीच्या तारखेच्या अलीकडची पडते, म्हणजे नळी आदल्या वर्षापेक्षा लवकर लागते. “मला वाटायचं, झाडं म्हातारी झाली.” तळ्यावर होड्या भाड्याने देणारा एक अबोल माणूस होता. तो उठला आणि त्याने दोन हात पसरून, म्हणजे एक वाव धरून, दोर मोजल्यासारखं केलं. धक्क्यापासून होडीपर्यंतचा दोर. त्याच्या वडिलांच्या वेळी तीन वाव लागायचा, आता अकरा. पाणी तितकं खाली गेलंय. “मी दोर विकणाऱ्याशी भांडलो,” तो म्हणाला, “दोर आखूड देतोस म्हणून.” मावशी म्हणाली, की आयुष्यभर ती पहाटे इस्त्री करत आली, गारव्यासाठी. आता पहाटही गार नसते. तिला वाटायचं, हे बाईच्या वयाचं काहीतरी असेल, कुणाशी कशाला बोला.

एकेक हात उठत गेला. प्रत्येकाकडे एक होतं. प्रत्येकाने ते आपल्या म्हातारपणाच्या, आपल्या चुकीच्या, आपल्या नशिबाच्या खात्यात टाकून गप्प राहणं पसंत केलं होतं, कारण रोज सकाळी खिडकीतली बाई हसत होती. खळी भिंतीला टेकून हे बघत होती. एवढी मोठी गोष्ट, बुटांतून, झाडांतून, दोरातून, पहाटेतून चालत या खोलीत येऊन बसली होती, साठ माणसांना शिवून गेली होती, आणि कुणाला कुणाची दिसली नव्हती.

“हळू आहे ते,” वडील म्हणाले. “तू पटकन करतेस, म्हणून चुकतं.”

ते उठून मधे आले. डावा हात त्यांनी छातीपाशी आडवा धरला, तळवा खाली. हे आपण. उजवा हात त्याहून खूप खाली, मांडीपाशी, तळवा वर. आणि तो हात वर यायला लागला. इतका हळू, की आधी कुणाला तो हलतोय असंच वाटेना. खोलीत साठ माणसं होती आणि एक पापणी लवत नव्हती. हात पोटापाशी आला. छातीपाशी आला, आडव्या हाताला टेकला, आणि थांबेल असं वाटत असताना त्याने आडव्या हातालाही उचललं. हनुवटी. डोळे. वडिलांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, दुःखही नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून माणूस शिखर शोधतो, तसे डोळे होते. हात डोक्याच्या वर गेले, कोपरं सरळ झाली, आजारातून उठलेला तो म्हातारा चवड्यांवर उभा राहिला.

पुढे काय, असं कुणीतरी विचारलं.

“पुढे माझा हात संपला,” ते म्हणाले आणि खाली बसले.

मग कुणी न सांगता सगळ्यांनी ती खूण करून बघितली. साठ माणसांचे हात मांडीपासून निघाले आणि तळघरात, पंख्याच्या वाऱ्यात, एकत्र वर जायला लागले. खळीला ऐकू येत होतं म्हणून तिला तेवढे कपड्यांचे सळसळणारे आवाज ऐकू आले, दुसरं काही नाही. देवळात, समुद्रावर, पहिल्या मुलाला हातात घेताना जे वाटलं नव्हतं ते तिला तिथे वाटलं. ती लहान झाली, खूप लहान, आणि त्याचं तिला वाईट वाटलं नाही.

खूण मिळाली, पण ती करायला वीस-बावीस सेकंद लागत होती. हवामानाचे चाळीस. तिने घरी आरशासमोर उभं राहून लवकर करून बघितली. लवकर केली की ती भाकरीचं पीठ फुगल्यासारखी दिसायची. वडिलांचं खरं होतं. हळूपणा हाच तिचा अर्थ होता.

सोमवारी सकाळी आठ. निवडणूक, कारखान्याचा संप, खेळ. मग ताईंनी खांदे सैल सोडले, हसू आणलं आणि वाचायला सुरुवात केली, की उन्हाळ्याचा दुसरा हप्ता हजर आहे, शौकिनांनी तयारीत राहावं. खळीने डावा हात छातीपाशी आडवा धरला. उजवा खाली नेला.

कानात ताईंचा आवाज, आणि त्याच्यावर सेकंदकाट्याचा. “काय चाललंय? खुणा कर.” मग, “गाल.” मग, “अगं, वेळ जातोय.” तिचा हात पोटापाशी होता. करार, बाहुली, घराचं भाडं, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं आणि हात तसाच वर येत राहिला. ताईंच्या चार ओळी संपल्या. आता त्यांनी ‘आपला दिवस आनंदात जावो’ म्हणायचं होतं. ते वाक्य त्यांनी बारा वर्षं रोज म्हटलं होतं.

ताईंच्या कॅमेऱ्याशेजारी एक छोटा पडदा असतो, लोकांना काय दिसतंय ते दाखवणारा. त्यात स्वतःचे केस बघायची त्यांची सवय होती. त्या दिवशी त्यांनी बघितलं, आणि त्यांची नजर कोपऱ्यातल्या खिडकीवर अडकली. कारंज्यात मुलं नाचत होती आणि खिडकीत एका बाईचा एक हात तिच्या दुसऱ्या हाताला उचलून वर नेत होता. ताईंना खुणांची भाषा अक्षरानेही येत नव्हती. पण त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हसू हळूहळू उतरलं.

थेट बातमीपत्रात शांतता म्हणजे घराला लागलेली आग. तीन सेकंद झाले की फोन वाजायला लागतात. त्या दिवशी शांतता अकरा सेकंद होती. लाखो घरांत माणसांनी आवाज वाढवायचं बटण दाबलं, आवाज आला नाही, आणि मग त्यांनी पडद्याकडे नीट बघितलं. बघण्यासारखी हलती गोष्ट एकच होती. हात हनुवटीच्या वर गेला, डोळ्यांच्या वर गेला, आणि खिडकीच्या चौकटीबाहेर गेला.

मग खळीने हात खाली घेतले आणि वेगात सांगितलं: दहा दिवस. रात्रीसुद्धा. वरच्या मजल्यावर एकटं राहू नका. म्हाताऱ्या माणसांना खाली आणा, थंड जागी आणा. तुमच्या अंगाला जे कळतंय ते खरं आहे. आणि ती हे सांगत असताना ताईंनी टेबलावरच्या कागदांतून हवामान खात्याची ती दोन पानं ओढली, जशी तिथे रोज येतात आणि रोज न वाचता टोपलीत जातात, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. आवाज खाली आलेला, मधेच अडखळणारा. बातमीपत्र तीन मिनिटं जास्त चाललं. कानात सेकंदकाट्याचा नुसता श्वास ऐकू येत होता.

खोलीतून बाहेर आली तेव्हा तो दाराशीच उभा होता. थांबघड्याळ चालूच होतं, बंद करायचं राहून गेलं होतं. तो म्हणाला, की वरून फोन आलेत, अकरा वाजता मला बोलावलंय, तुझं काय होईल सांगता येत नाही. मग जायला वळला आणि परत फिरला.

“माझी आई पाचव्या मजल्यावर असते,” तो म्हणाला. “एकटी.”

“आत्ता जा,” खळी म्हणाली. “अकराच्या आत.”

तो गेला. जिन्यावरून पळत गेला. त्याला पळताना कुणी आजवर पाहिलं नव्हतं.

ती मंडळात पोहोचली तेव्हा नऊ वाजत होते आणि रस्त्यावर उभं राहवत नव्हतं. कुणी तिचं कौतुक करेल असं तिला वाटलं होतं. निदान मावशी जवळ घेईल. कुणाला वेळ नव्हता. गोल टेबलांवर शहराचे रस्ते वाटून झाले होते. माळीकाका पाण्याच्या बरण्या भरत होते, होडीवाल्याने आपला छोटा ट्रक दाराशी लावला होता, दोन माणसं खाटा उतरवत होती. वडील मधल्या टेबलाशी बसून एकेकाला पिटाळत होते. तिला बघून त्यांनी फक्त विचारलं, की पाय शाबूत आहेत ना? मग एक पत्ता दाखवला. दोघी बहिणी, दोघी बहिऱ्या, ऐंशीच्या पुढच्या, शेवटचा मजला, लिफ्ट बंद. हट्टी आहेत, पटवायला वेळ लागेल, लगेच नीघ.

ती मजले चढत गेली. तिसऱ्यापर्यंत तिचा सदरा भिजला. चौथ्यावर जिन्यातली हवा जाड झाली. काय सांगायचं, कसं समजवायचं, हे ती मनात जुळवत होती.

शेवटच्या मजल्यावर दाराला कुलूप होतं. दोघी बहिणी बाहेर, सर्वात वरच्या पायरीवर, पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यामध्ये शेजारचे म्हातारे गृहस्थ होते, ज्यांना ऐकू यायचं आणि खुणांचं ओ की ठो कळत नव्हतं. दोघींनी त्यांचा एकेक हात घट्ट धरून ठेवला होता, पळून जाऊ नयेत म्हणून.

“या दोघींनी माझं दार फोडायचंच बाकी ठेवलं होतं,” ते खळीला म्हणाले. “मीही बघितली बातमी. तुझ्या खुणांतला शब्द एक कळला नाही. पण मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.”

थोरलीने खळीच्या गालाला बोट लावलं आणि मग हात हलवले. “तू इतकं हळू सांगितलंस, की आम्ही लगेच निघालो.”

खळीने तिघांच्या पिशव्या एका खांद्यावर घेतल्या, दुसरा हात थोरलीला दिला, आणि चौघं एकेक पायरी उतरायला लागले.